मेक्सिकोत वाढदिवसाला केकमध्ये तोंड का दाबतात? हा अपमान नाही का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या बदलीमुळे मेक्सिकोत आलात, पुढच्या महिन्यात मुलीचा वाढदिवस आहे, आणि शेजारणीने 'केकमध्ये तोंड दाबतात हं' असं सांगून तुम्हाला घाबरवलंय. अपमान वगैरे काही नाही. उलट कोणी दाबलं नाही तर वाईट वाटतं. मला वाटलं होतं, ते पुढे सांगतो.

या प्रकाराला 'ला मोर्दिदा' म्हणतात. मोर्दिदा म्हणजे चावा. गंमत म्हणजे मेक्सिकोत लाचेलाही हाच शब्द आहे; ट्रॅफिक हवालदाराची चिरीमिरी तीही मोर्दिदाच. आपल्याकडे पैसे खातात, तिकडे चावतात.

मी मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात कामानिमित्त दोन वर्षं होतो, एका कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर. त्यांच्या धाकट्याचा सातवा वाढदिवस होता. बोलावणं दुपारी तीनचं, केक आला साडेसातला. आधी जेवण, मग अंगणात दोरीला टांगलेली पिन्याता. डोळे बांधून काठीने फोडायची, आतून गोळ्या-चॉकलेटं पडतात आणि पोरं त्यावर तुटून पडतात. दहीहंडी बघितलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

केक सगळ्यात शेवटी. मेणबत्त्या लावल्या की 'लास मान्यानितास' म्हणतात. हे मूळचं पहाटे उठवायचं गाणं, म्हणजे त्यांची भूपाळीच, पण संध्याकाळीसुद्धा सगळे घसा ताणून म्हणतात. मेणबत्त्या विझल्या, घरमालकीणबाईंनी त्या एकेक करून उपटल्या, आणि टेबलाभोवती एकच गलका सुरू झाला, "मोर्दिदा! मोर्दिदा!" नियम एवढाच, की हात पाठीमागे ठेवायचे आणि केकचा पहिला घास थेट तोंडाने घ्यायचा. पोरगा वाकला, ओठ क्रीमला टेकले, तोच मावशीचा हात मानेवर पडला. भुवयांपर्यंत क्रीम! नाकाच्या शेंड्याला स्ट्रॉबेरीची फोड चिकटलेली. क्षणभर वाटलं आता भोकाड पसरणार; पण त्याने जीभ बाहेर काढून वरचा ओठ साफ केला आणि पुन्हा वाकला.

केक होता 'त्रेस लेचेस', म्हणजे तीन दुधांचा. एव्हॅपोरेटेड मिल्क, आपल्या मिल्कमेडसारखं गोड कंडेन्स्ड मिल्क आणि साय किंवा साधं दूध एकत्र करून स्पंजमध्ये मुरवतात. रसमलाईच्या जातीचा पदार्थ. (अंडं असतं, घरी कोणाला चालत नसेल तर आधी विचारा.) तोंड आपटायला इतका मऊ केक दुसरा नाही. खळगा पडलेली बाजू बाजूला काढून बाकीचा कापून वाटतात. आपल्या हॉस्टेलात अख्खा केक तोंडाला फासून वाया घालवतात, ते मला कधीच आवडलं नाही. इथे निदान केक पोटात जातो.

आता माझं. पहिल्या वर्षी ऑफिसात माझ्यासाठी केक आणला. मी चष्मा काढून खिशात ठेवला, हात मागे घेतले, डोळे मिटून वाकलो, चावा घेतला. काहीच झालं नाही. वर बघतो तर सगळे टाळ्या वाजवतायत आणि एकजण अदबीने पेपर नॅपकिन पुढे करतोय. परदेशी पाहुण्याला कसं ढकलायचं, हा त्यांचा संकोच. सासरी मेव्हण्यांनी बूटच लपवले नाहीत तर नव्या जावयाला कसं वाटेल, तसं मला झालं. दुसऱ्या वर्षी मात्र तिघांनी मिळून कसर भरून काढली. कानातली क्रीम रात्री अंघोळीला निघाली.

तुमच्या मुलीचं म्हणाल, तर लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक आया नाकाला क्रीम लागेल इतपतच मान वाकवतात. तिला आधी सांगून ठेवा; नको म्हणाली तर आलेल्या पाहुण्यांना तसं स्पष्ट सांगा, कोणी रुसत नाही. एका गोष्टीत मात्र भीड ठेवू नका. दोन-तीन मजली केकमध्ये आधाराला लाकडी काड्या खुपसलेल्या असतात, सजावटीलाही टूथपिक वापरतात. त्या डोळ्यात जाऊ शकतात. केक बसका, एकमजलीच सांगा आणि मोर्दिदाआधी वरची खेळणी, मेणबत्त्या, सगळं काढलंय ना ते स्वतः बघा.

आणि तुमचा स्वतःचा वाढदिवस आला, तर धक्का कोण देणार हे ओळखायला मोबाइल धरून समोर उभे असलेल्यांकडे बघू नका. मागे ज्याचे दोन्ही हात रिकामे आहेत आणि जो फार गोड हसतोय, तो.