ब्रोकर म्हणतो गाडी आमची नव्हती, मग भिजलेल्या मालाचं काय?

प्रश्न: नमस्कार ताई, शिकागोजवळ नेपरविलला आमचा मसाले, पापड, लोणच्यांचा छोटा होलसेलचा धंदा आहे. गेल्या महिन्यात ओहायोतल्या कोलंबसला एका दुकानात ब्रोकरमार्फत 6 पॅलेट (लाकडी फळ्यांवर रचून गुंडाळलेले खोके) पाठवले. 2 पॅलेट खालून भिजलेले निघाले. दुकानदाराने गर्दीत न बघताच सही केली, संध्याकाळी फोटो पाठवले. ब्रोकर म्हणतो गाडी आमची नव्हती, वर लिफ्टगेटचे (ट्रकमागची माल उतरवायची वर-खाली होणारी फळी) आणि मापातल्या फरकाचे पैसे लावलेत. आम्ही फसलो का?

उत्तर: दादा, ब्रोकर खोटं बोलत नाहीये आणि खरी मेख तिथेच आहे. त्याच्याकडे ट्रक नसतो, तो फक्त गाडी जुळवून देतो. अमेरिकेत राज्याराज्यांतल्या वाहतुकीत मालाचं नुकसान झालं तर कारमॅक कायद्याने जबाबदारी येते ती माल वाहणाऱ्या ट्रकिंग कंपनीवर, ब्रोकरवर सहसा नाही. त्याचा 75,000 डॉलरचा बॉन्ड, म्हणजे हमीची रक्कम, असतो म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण तो बॉन्ड मालाचा विमा नव्हे, ब्रोकरने भाडं बुडवलं तर ट्रकवाल्यांना आधार म्हणून आहे तो.

म्हणून आधी बिल ऑफ लेडिंग काढा, आपली बिल्टीच ती, आणि त्यावर कोणत्या कंपनीचं नाव आहे ते बघा. मग तिचा डॉट नंबर, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांक, ट्रकवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या एफएमसीएसए खात्याच्या साइटवर टाका, परवाना चालू आहे का ते फुकटात कळतं. हे खरं तर माल चढवतानाच करायचं, ट्रकच्या दारावरचं नाव आणि बिल्टीवरचं नाव वेगळं दिसलं तर तिथेच ब्रोकरला फोन लावायचा, कारण एकाने घेतलेला लोड परस्पर दुसऱ्याला विकायचा प्रकार इथे फार चालतो आणि मग माल कुणाकडे आहे तेच कळत नाही. मालाच्या विम्याचा कागदही आधीच मागून घ्यायचा, साध्या मालासाठी तो विमा कायद्याने सक्तीचा नाहीये.

आता सहीचं. पॅलेट खाली उतरला की प्लॅस्टिक रॅप थोडं वर करून खालच्या खोक्यावर हात फिरवायचा. पुठ्ठा मऊ लागला तर पावतीवर "2 पॅलेट तळाशी ओले" असं लिहायचं आणि मगच सही, ड्रायव्हर कितीही घाई करू दे. ते राहिलं म्हणून तुमची बाजू जरा लंगडी पडली, पण संपली नाही. त्या कंपनीकडे लेखी क्लेम करा, नेमकी रक्कम टाका, बिल्टी, तुमचं इन्व्हॉइस आणि संध्याकाळचे फोटो जोडा. क्लेमसाठी कायद्याने निदान 9 महिने द्यावेच लागतात. कंपनीने 30 दिवसांत पोच आणि 120 दिवसांत निर्णय द्यायला हवा. पैसे पूर्ण मिळतीलच असं नाही, सुट्या पॅलेटच्या वाहतुकीत बऱ्याच कंपन्या भरपाईला पौंडामागे मर्यादा घालून ठेवतात, पण लेखी क्लेमच नसेल तर काहीच हातात येणार नाही.

लिफ्टगेट खरंच वापरलं असेल तर ते पैसे द्यावेच लागतील, दुकानाला डॉक, म्हणजे ट्रकच्या उंचीचा माल उतरवायचा धक्का, नसला की ते आलंच. मापाचं मात्र तपासा. 48 बाय 40 इंचाचा पॅलेट 60 इंच उंच झाला तर साधारण 67 घनफूट होतात, वजन 600 पौंड असेल तर घनफुटाला 9 पौंड. पापडासारखा हलका माल जागा खातो, घनता घसरते आणि भाडं चढतं. तुम्ही उंची अंदाजाने लिहिली असेल तर त्यांचं बरोबर असू शकतं. मोजून लिहिली असेल तर त्यांच्याकडून मोजमापाचा पुरावा मागा.

आणि दुकानदाराला आजच फोन करा, ते ओले खोके अजून असतील तर टाकू देऊ नका. कंपनीला माल बघायचा असतो, खोके कचऱ्यात गेले तर तुमचा सगळ्यात मोठा पुरावा गेला.