फोटो स्पर्धेत नंबर येत नाही. परीक्षक नेमकं काय बघतात? आता कॅमेरा घ्यावा का?

तीन स्पर्धांना मोबाईलवरचे फोटो पाठवले आणि एकदाही नंबर नाही, असं तुम्ही लिहिलंय. कॅमेरा घेऊ नका. परीक्षकांचं म्हणाल, तर सोलापुरातलीच गोष्ट सांगतो, कारण तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी स्पर्धेला आम्ही तिघं परीक्षक होतो. शेवटी दोन फोटो उरले. एक गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेतला: नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, खाली बाराबंदीतले, म्हणजे बंदांनी बांधायच्या पांढऱ्या अंगरख्यातले लोक, वर निळंशार आभाळ. दुसरा एका पोरीने मोबाईलवर काढलेला. तिचे वडील टॉवेल विणायच्या मागावर. ताण्याचा तार तुटलाय, माग थांबलाय, ते वाकून गाठ मारतायत. शेजारचा माग चालूच, म्हणून तो पार हललेला. सुताच्या कांड्यांच्या पोत्यावर मोबाईल टेकवून तिने शटर १/१० सेकंद उघडं ठेवलं होतं. वडिलांच्या भुवयांवर बसलेला कापूससुद्धा स्पष्ट दिसत होता.

आमच्यातले ज्येष्ठ म्हणाले, "नॉईज, दाणे किती आहेत बघा. आणि मागचं मशीन शार्प नाही." अहो, ते हललंय म्हणून तर हा माणूस थांबलेला कळतो! दोघं एकीकडे झाले. नंदीध्वजाला पहिला नंबर, पोरीला उत्तेजनार्थसुद्धा नाही.

आणि त्या पहिल्या फोटोत बाराबंदीचा एकही बंद दिसत नव्हता. भर उन्हातलं पांढरं कापड, त्यावर घरी बसून वाढवलेला कॉन्ट्रास्ट. अंगरख्याच्या जागी कोरा कागद. मी हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उघडून दाखवला, उजव्या कडेला ढीग लागलेला, म्हणजे पांढरं पार कोरं झालेलं. जेपेगमध्ये, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाईलमध्ये, असा गेलेला तपशील कुठल्याही ॲपने परत येत नाही. "भव्य आहे ना, असू द्या," म्हणाले.

म्हणजे परीक्षक काय बघतात? एका बैठकीत शेकडो फोटो बघताना पहिल्या नजरेत भरेल ते. म्हणून तुम्ही रंग भडक करत बसू नका. परीक्षक बदलतात, फोटो तोच राहतो. महिनाभर एकाच ठिकाणी जा, तिथली माणसं तुमच्याकडे बघायची थांबेपर्यंत. ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, शटर त्याहून जलद असलं की फोटोवर पट्टे उमटतात.

माझे वडीलही मागावर होते, त्यामुळे मी त्या फोटोकडे झुकलो असेन. तरी बाराबंदीचे बंद दिसत नव्हते ते नव्हतेच.

हां, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट टिपायचं असेल तर मोबाईल उपयोगाचा नाही, लांबचं जवळ आणणारी ४०० मिमीची लेन्स लागते. तीही आधी भाड्याने आणून बघा.