कडेवरची उंची

“इतका इवलासा जीव, माझ्या हातून त्याला काही झाले तर?” हा प्रश्न गेल्या काही वर्षांत गोव्यातल्या फोंड्यातील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी इतक्या वेळा ऐकला आहे की, त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटू लागले. विचारणाऱ्यांकडे अगदी लहान चणीच्या जातीचे कुत्रे असते: कोणाकडे चिवावा, कोणाकडे टॉय पॉमेरेनियन, कोणाकडे यॉर्कशायर टेरियर. काळजी मात्र तीच असते आणि ती करणारी माणसे बहुधा अतिशय प्रेमळ असतात. त्यांपैकी एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने तपशील बदलून येथे मांडते. आमचे बोलणे अर्थातच कोंकणीत झाले.

बाई मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा बोटीवर नोकरीला. जाताना आईला सोबत म्हणून त्याने चिवावा जातीचे काळेभोर पिल्लू आणून दिले, तिचे नाव बाईंनी मिरी ठेवले. मिरी सात महिन्यांची असताना एका दुपारी दारावरची बेल वाजली, बाई तिला कडेवर घेऊन दाराकडे निघाल्या आणि भुंकण्याच्या भरात मिरीने उडी घेतली. पुढच्या पायाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली. या जातींमध्ये मनगटालगतचे हाड काडीसारखे बारीक असते आणि तेथे रक्तपुरवठाही बेताचा असल्यामुळे ते सांधायला वेळ लागतो. मिरीचे हाड सांधले. बाईंची झोप मात्र गेली ती परत आली नाही. दर सोमवारी न चुकता मंगेशीला जाणाऱ्या बाई चार महिने देवळाची पायरी चढल्या नव्हत्या.

“आता नेमके कशाचे भय वाटते?” मी विचारले.

“घारीचे. परसातल्या विहिरीचे. गेल्या पावसात माडाच्या मुळाशी घोणस निघाली होती, तिचे. रात्री डोळा लागला की हेच दिसते.”

“मग तुम्ही काय करता?”

“तिला खाली सोडतच नाही. सारखी हातात ठेवते.”

अशा वेळी “काळजी करू नका” असे सांगण्याचा मोह होतो, आणि घरचे सगळे तेच सांगत असतात. मी ते कधीही सांगत नाही, कारण धोका खरा असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी निष्ठा आहे, आणि ती मला हे शिकवते की, माणसाला धोका जेवढा छळतो त्याहून अधिक “असे कधीही, काहीही होताच कामा नये” हा त्याचा स्वतःशीच चाललेला हट्ट छळतो. हट्टाला हमी हवी असते, आणि जिवंत प्राण्याच्या बाबतीत हमी कोणीही देऊ शकत नाही.

मी बाईंना एक गृहपाठ दिला. रोज अर्धा तास जमिनीवर, मिरीच्या नजरेच्या उंचीवर बसायचे आणि तिच्या तोंडाला, पायाला, अंगाला काय लागू शकेल ते वहीत लिहायचे. शिक्षिकेला वही मिळाली की तिचा हात थांबत नाही. पुढच्या वेळी त्या दोन पाने भरून घेऊन आल्या. कपाटाखाली घरंगळलेली डांबराची गोळी. चौरंगावर ठेवलेल्या पर्सच्या उघड्या कप्प्यात पॅरासिटामॉलची पट्टी. मोबाईल चार्जरची लोंबणारी वायर. पावसाळी वाऱ्याने धाडकन आपटणारे मागचे दार. बाल्कांवच्या (घरापुढच्या पडवीच्या) कठड्यातली फट, जिच्यातून मिरीचे डोके सहज बाहेर जाते. गुळगुळीत फरशी. आणि सोफ्यावरची चादर, कारण मिरी तिच्याखाली शिरून झोपते आणि वरून ती उशीची घडी वाटते.

“या यादीत घार कोठे आहे?” मी विचारले.

बाईंनी पाने उलटून पाहिली. “नाही.”

“यातले आज बदलता येणार नाही असे काय आहे?”

त्या गप्प राहिल्या. मग मी तो प्रश्न विचारला, ज्याची जुळणी माझ्या मनात दोन भेटींपासून चालली होती: “बाई, तुमच्या कडेवर असताना मिरी जमिनीपासून किती उंच असते?”

त्यांनी उभे राहून हात छातीशी धरला, अंदाज घेतला. “चार फूट.”

“आणि ती स्वतः किती उंच आहे?”

“अर्धा फूट.”

गणित त्यांनी मनातच केले असणार. चेहऱ्यावर ते उमटताना मी पाहिले. आठपट. हाडांचा हिशेब इतका सरळ नसतो हे मला ठाऊक आहे, परंतु त्या क्षणी हिशेबाहून चित्र महत्त्वाचे होते. बराच वेळ त्या स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी तिला जपत होते, ते सगळ्यात धोक्याच्या जागी.” त्या रडल्या. मी त्यांना थांबवले नाही. इतके महिने त्या “माझ्यामुळे झाले” असे म्हणत होत्या आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून तीच कृती दिवसभर करीत होत्या. अपराधीपणा माणसाला सुधारतो असा आपल्याकडे समज आहे. माझ्या अनुभवात तो माणसाला तीच चूक अधिक घट्ट धरून ठेवायला लावतो. हे नाते उलगडले त्या दुपारचे मला आजही समाधान वाटते.

त्यानंतरचे काम घर लावण्याचे होते. मी पशुवैद्य नाही, त्यामुळे पुढील गोष्टी बाईंनी त्यांच्या पशुवैद्यांना विचारून नक्की केल्या. हीच काळजी वाहणाऱ्या प्रत्येकाला त्या उपयोगी पडतील. सोफ्याशी दोन रुंद, न हलणाऱ्या पायऱ्या ठेवल्या आणि फरशीवर न सरकणाऱ्या चटया अंथरल्या. दारांना अडण लावले. बाल्कांवच्या कठड्याला बारीक जाळी ठोकली. मिरीच्या छातीपट्ट्याला एक घुंगरू बांधले, म्हणजे ती पायांत आली की कळते. गळपट्टा मात्र काढून टाकला, कारण या जातींची श्वासनलिका नाजूक असते आणि ओढ बसली की खोकल्याची ढास लागते. चादरीवर बसण्यापूर्वी हात फिरवायचा. उचलायचेच असेल तर एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली, आणि चारही पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडायचे नाही. भेटायला येणाऱ्या मुलांनी तिला जमिनीवर बसूनच घ्यायचे.

खाण्याविषयी अधिक सावध राहावे लागते, कारण दोन किलोच्या देहाला मात्रा फार थोडी पुरते. गडद चॉकलेटचे दोन-तीन चौकोन, कांदा-लसणाचा रस्सा, आपल्या वेदनाशामक गोळ्या यांतील काहीही जिवावर बेतू शकते. मनुकांचे तर किती प्रमाण निर्धोक हे सांगता येत नाही, म्हणून चवथीच्या नेवऱ्या (गणेशचतुर्थीच्या करंज्या) आणि नाताळचा केक तिच्या आवाक्यात नकोत. आणि पिल्लू फार वेळ उपाशी राहिले तर त्याची साखर उतरते. ते लडखडू लागले, थरथरू लागले तर हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठायचा. म्हणून लहानपणी तीन-चार वेळा थोडे थोडे खाऊ घालायचे.

हट्टाच्या जागी बाईंनी स्वतःचे एक वाक्य वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले: “मिरीला काही होऊ नये असे मला मनापासून वाटते आणि माझ्या हाती आहे ते मी केले आहे.” ते वाचून त्या एका सोमवारी मिरीला कुंपण घातलेल्या कोपऱ्यात ठेवून दोन तास मंगेशीला जाऊन आल्या. त्या वेळात त्यांनी शेजारणीला तीनदा फोन केला. पुढच्या सोमवारी एकदा.

शेवटच्या भेटीत मी बेलविषयी विचारले, कारण सगळे तेथूनच सुरू झाले होते.

“हल्ली दार उघडायला मला वेळ लागतो,” बाई म्हणाल्या. “बेल वाजते तेव्हा मी जमिनीवर बसलेली असते आणि मिरी मांडीवर. आधी तिला खाली सोडते, मग गुडघ्यावर हात टेकून उठते. येणारा थांबतो.”