एच-४ वर क्युपर्टिनोला येताय? डी अँझाबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न वाचला. नवरा आधीच सनीव्हेलला आलाय, तुम्ही जानेवारीच्या मध्यावर एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या) व्हिसावर निघणार. पदरी बी.कॉम. आणि पुण्यातली सहा वर्षांची अकाउंट्सची नोकरी, आणि पोटात गोळा आलाय की तिथे दिवसभर घरात बसून करायचं काय. कुणीतरी क्युपर्टिनोचं डी अँझा कॉलेज सुचवलं, पण ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे समाजमंदिरातला शिवणक्लास आला. इचलकरंजीहून आले तेव्हा माझ्याही आला होता.

आधी व्हिसाचं सांगते. एच-४ वर शिकायला पूर्ण मोकळीक आहे, त्यासाठी एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. पगारी काम मात्र नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर होऊन तुमचं ईएडी (कामाचा परवाना) हातात येईपर्यंत नाही. मधली ही जी वर्षं असतात, त्यांच्यासाठी मला या कॉलेजइतकी चांगली जागा दुसरी सापडली नाही.

डी अँझा १९६७ सालचं. लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल कॉलेज त्याची थोरली बहीण, दोघांना चालवणारा कॉलेज-जिल्हा (सरकारी संस्था) एकच. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि तिथे मेरिट लिस्ट, कट-ऑफ असलं काही नसतं. अठरा पूर्ण झालेला कुणीही नाव घालू शकतो. माझ्या संध्याकाळच्या अकाउंटिंगच्या वर्गात एका बाजूला नातवंडं असलेल्या व्हिएतनामी बाई, दुसऱ्या बाजूला लष्करातून परतलेला एकजण, आणि मागच्या बाकावर हायस्कूलचा पोरगा. (हायस्कूलच्या मुलांना इथे शिकवणी फी पडत नाही. हे कळलं की आपले आईबाप कसे सुटतात ते तुम्ही बघालच.) बरीच मुलं पहिली दोन वर्षं इथे स्वस्तात काढतात आणि मग डेव्हिस, अर्व्हाइन, सांताक्रूझ अशा यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) सहा कॅम्पसांपैकी एकाकडून, ठरलेले विषय आणि गुण असतील तर, प्रवेशाची लेखी हमी घेतात. बर्कलीची अशी हमी नसते, पण तिथेही इथून मुलं जातात.

कॉलेज गावाचं आहे म्हणजे काय, ते मला मंत्रालयाच्या पाट्या बघत वाढल्यामुळे उशिरा कळलं. विश्वस्त मंडळ इथले मतदार निवडून देतात. मार्च २०२० मध्ये याच मतदारांनी दोन्ही कॉलेजांच्या बांधकामासाठी ८९.८ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले, त्याची परतफेड घरपट्टीतून होते. आवारात तारांगण आहे, कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचं केंद्र आहे. फ्लिंट सेंटर नावाचं मोठं नाट्यगृहही होतं. २४ जानेवारी १९८४ ला स्टीव्ह जॉब्जने अ‍ॅपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक तिथेच दाखवला. २०१९ मध्ये ते कायमचं बंद झालं, त्याची हळहळ अजून ऐकू येते. आणि अ‍ॅपलचं मुख्यालय जेमतेम काही मैलांवर असताना याच आवारात गरजू विद्यार्थ्यांसाठी फुकट शिधा देणारी फूड पँट्रीही चालते. घरभाडं परवडत नाही म्हणून गाडीत झोपणारी मुलं या सिलिकॉन खोऱ्यात आहेत. हे इथे येण्याआधी मला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्यासाठी कामाचं: सीपीएच्या (इथल्या सीएच्या) परीक्षेला बसायचं तर भारतातल्या पदवीत अकाउंटिंगचे युनिट (अभ्यासाचं इथलं माप) बहुधा कमी पडतात, ते इथे एकेक विषय करून भरून काढणारे पुष्कळ आहेत. निघण्याआधी विद्यापीठाकडून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट घेऊनच या. इथून ती मागवायला मला आठ महिने आणि दोन मामा लागले. क्वार्टर, म्हणजे इथलं सत्र, बारा आठवड्यांचा असतो, म्हणजे आपल्या सेमिस्टरच्या हिशेबाने चाललात तर पहिली मिडटर्म डोक्यावर कधी आदळली ते कळत नाही. मी पहिल्याच क्वार्टरला हौसेने तीन विषय घेतले आणि एक सोडला, पण तारीख उलटल्यावर. रेकॉर्डवर तो विषय सोडल्याचा ‘डब्ल्यू’ अजून आहे. तुम्ही एकच घ्या. गाडी येत नसेल तरी अडत नाही, २३ नंबरची बस स्टीव्हन्स क्रीकवरून थेट कॉलेजला येते.

आता पैशाचं, कारण खरी गोम इथेच आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला एका युनिटला ३१ डॉलर पडतात, म्हणजे पाच युनिटचा विषय १५५ डॉलर, वर किरकोळ फी. बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. रहिवासी ठरायला क्वार्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदावर दिसावा लागतो. एच-४ वाल्यांना ही सवलत मिळते, एफ-१ वाल्यांना नाही. म्हणून उतरल्याच्या आठवड्यातच स्टेट आयडी, बँक खातं आणि घराच्या करारावर तुमचं नाव एवढं उरकून घ्या. वर्ष भरेपर्यंत नॉनक्रेडिट (पदवीत न धरले जाणारे) वर्ग बघा, त्यांना शिकवणी फी नसते.

विंटर क्वार्टर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. तुम्ही जानेवारीच्या मध्यावर उतरलात तर पुढच्या वर्षीचा विंटर थोडक्यात हुकणार आणि एप्रिलपर्यंत थांबावं लागणार. तिकीट अजून काढलं नसेल तर नाताळच्या आधीचं बघा. महाग पडेल, पण फीमध्ये वसूल होईल.