फ्रान्समध्ये काटकसरीने राहायचं असेल तर स्वस्त घरापासून लांब राहा

लेस्टरहून विचारणाऱ्या दादांचा प्रश्न थोडक्यात असा. त्यांचं वय ६८, वहिनींचं ६२. दादांचा पासपोर्ट ब्रिटिश, वहिनींचा अजून भारतीय. स्टेट पेन्शन आणि कंपनीची छोटी पेन्शन मिळून महिन्याला १,६०० पौंडांच्या आसपास येतात. लेस्टरचं भाडं झेपेनासं झालंय. मध्य फ्रान्समधल्या क्रऊज जिल्ह्यातल्या एका खेड्यात ४५,००० युरोंचं दगडी घर जाहिरातीत पाहिलंय, मागे अर्धा एकर जमीन. ते घेऊन तिकडे काटकसरीने राहता येईल का?

आम्ही दोघं शेजारच्याच ओत-व्हिएन जिल्ह्यात राहतो, ब्रेक्झिटच्या आधीपासून. तुमच्या रकमेचे आजच्या भावाने अठराशे युरोंच्या वर होतात आणि त्यात या भागात दोघांचं व्यवस्थित भागतं. फक्त ते घर घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नकोच.

४५,००० ला घर मिळतं कारण ते कोणालाच नकोय. मुख्य भूमीवर लोझेर सोडला तर क्रऊजइतकी कमी वस्ती दुसऱ्या कुठल्याच जिल्ह्यात नाही. तरुण मंडळी केव्हाच शहरात गेली, दुकानं मिटली, डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी दुसरे आले नाहीत. जाहिरातीतल्या किमतीवर नोतेरकडचा, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाकडचा, खर्च सात-आठ टक्के चढतो, स्वस्त घराला टक्केवारीत त्याहूनही जास्त. मग येते मैल्याची टाकी. खेड्यात ड्रेनेज नसतं, विक्रीच्या वेळी टाकीची तपासणी सक्तीची असते, आणि ती नियमात बसत नसेल तर नव्या मालकाने वर्षभरात दुरुस्त करून घ्यायची. नवी टाकी म्हणजे आठ-दहा हजार युरो गेले. छपराचा तर आकडाच काढू नका. दोन-दोन फूट जाडीच्या ग्रॅनाइटच्या भिंती उन्हाळ्यात स्वर्ग वाटतात, पण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत कितीही जाळलं तरी ऊब धरत नाहीत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आणि विकायला काढलंत की वर्षानुवर्षं गिऱ्हाईक फिरकत नाही. आजारपणामुळे परत जायचं ठरलं तर तुमची सगळी पुंजी त्या भिंतींत अडकलेली असते.

त्याऐवजी बाजारपेठेच्या लहान गावात भाड्याने राहा. याच जिल्ह्यातलं ला सुतरेन बघा, किंवा आमच्याकडचं सें-जुनियाँ. ला सुतरेन पॅरिस-लिमोज-तुलूझ रेल्वेमार्गावर आहे. अशा गावात बेकरी, औषधाचं दुकान, दवाखाना, आठवडी बाजार सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असतं. दोन बेडरूमची जागा साडेचारशे ते सहाशे युरोंत मिळते. सामानासकट घेतलीत तर करार वर्षाचा आणि सोडताना महिन्याची नोटीस पुरते. रिकामं घर घेतलं तर करार तीन वर्षांचा आणि नोटीस इथे बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांची. एजन्सीवाले भाड्याच्या तिप्पट उत्पन्न आणि फ्रेंच जामीनदार मागतात, परदेशी पेन्शन पाहून नाक मुरडतात. म्हणून थेट घरमालकाशी बोला, किंवा गावातल्या नोतेरच्या ऑफिसात विचारा, त्यांच्याकडेही भाड्याच्या जागा असतात. दुसरी गाडी लागली नाही की दरमहा जे वाचतं ते कुठल्याही सुपरमार्केटच्या सवलतीत वाचत नाही.

आता थंडीचं. नवे आलेले लोक इथेच ढेपाळतात. लाकूड 'स्तेर'वर विकतात. मीटरभर लांबीचे ओंडके रचून एक घनमीटर झालं की तो एक स्तेर. तेच ओंडके ३३ सेंटीमीटरचे कापले की नीट बसतात आणि ढीग ०.७ घनमीटरच दिसतो. त्यामुळे ढीग लहान दिसला म्हणून विक्रेत्याशी भांडू नका, पण ५० सेंटीमीटरच्या तुकड्यांचे पैसे देऊन ०.७ चा ढीगही घेऊ नका, तिथे ०.८ हवा. ओक किंवा हॉर्नबीम घ्या, दोन वर्षं वाळलेलं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघायचे. सुकं लाकूड खणखणतं, ओलं असेल तर नुसता ठप्प आवाज येतो आणि पुढे धुराड्यात काजळी धरते. धुराडं वर्षातून एकदा अधिकृत माणसाकडून साफ करून दाखला जपून ठेवा. आग लागली तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच मागते. लाकूड मे-जूनमध्ये घ्या. ऑक्टोबरात सगळेच धावतात आणि मिळेल ते उचलतात.

विजेसाठी ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीचा 'टेम्पो' दर आहे, तो आम्हाला मानवला. वर्षातले ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल. निळ्या दिवशी वीज स्वस्त. लाल दिवशी दिवसाची वीज निळ्या दिवसाच्या रात्रीच्या विजेपेक्षा पाचपटीहून महाग. लाल दिवस नोव्हेंबर ते मार्च याच काळात येतात, शनिवार-रविवारी कधीच नाही, आणि रंग आदल्या दिवशी कळतो. दिवस सकाळी सहाला बदलतो. त्यामुळे लाल दिवसाच्या आदल्या रात्री आमच्याकडे कपडे धुऊन होतात, गीझर तापतो, डाळ शिजवून ठेवली जाते. दिवसा चूल लाकडाची, कुकर गॅसच्या बाटलीवर. घर पूर्णपणे विजेच्या हीटरवर असेल तर मात्र या दराच्या वाटेला जाऊ नका, ते २२ दिवस वर्षाची बचत खाऊन टाकतील.

खाण्याच्या बाबतीत एक भ्रम काढून टाका. फ्रान्समधलं सुपरमार्केट इंग्लंडपेक्षा स्वस्त नाही. धुण्याची पावडर, रंग, जुन्या गाड्या, सगळं महागच वाटेल. स्वस्त काय, तर वाइन, चीज, हंगामातली भाजी आणि दुपारचं जेवण. कामगारांच्या खाणावळीत पंधरा-सोळा युरोंत तीन-चार पदार्थ आणि वाइनचा छोटा जग मिळतो. बाहेर खायचं ते दुपारीच. शाकाहारी असाल तर ऑम्लेट आणि सॅलडवर समाधान मानावं लागेल, हे आधीच सांगते.

आपला स्वयंपाक इथे आश्चर्यकारकरीत्या जमतो. पिवळी फोडलेली वाटाण्याची डाळ, काबुली चणे, मसूर कुठेही मिळतात. वाटाण्याच्या डाळीच्या आमटीत चिंच-गूळ नीट पडला की तुरीची फारशी आठवण येत नाही. बारीक रवा कुसकुसच्या शेजारच्या फळीवर असतो. जवस सुट्टे मिळतात, चटणी करा. अक्रोड तर शेजारी पिशव्या भरभरून आणून देतात. पण लेस्टरहून तूप आणि पेढे आणायचा बेत असेल तर तो सोडा. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. तूप इथेच कढवा. बिनमिठाचं लोणी घ्या, पाकिटावर 'दू' लिहिलेलं, 'दमी-सेल' म्हणजे खारवलेलं नको. फ्रेंच लोणी बहुतेक विरजलेल्या सायीचं असतं, स्निग्धांश ८२ टक्के. मंद आचेवर बेरी तांबूस झाली की जो वास सुटतो तो आजीच्या घरच्या लोणकढ्या तुपाचा असतो, लेस्टरच्या दुकानातल्या डब्याला तो कधी आला नाही. मेथी-कोथिंबीर कुंडीत लावा, इथल्या कोथिंबिरीच्या जुडीचा भाव ऐकून हसू येतं.

भांडी, कपाटं, सायकल, शिवणयंत्र यांतलं काहीही नवं घेऊ नका. एमाऊस या धर्मादाय संस्थेचं जुन्या वस्तूंचं दुकान आणि गावोगावच्या रविवारच्या जुन्या सामानाच्या जत्रा आहेत. पेट्रोल सुपरमार्केटच्या पंपावर घ्या. लांब जाताना ए२० महामार्ग घ्या, व्हिएर्झाँ ते ब्रीव्ह टोल नाही.

दुरुस्तीच्या कामाला 'आपल्यातलाच' इंग्रजी बोलणारा कारागीर शोधायची फार हौस असते. त्यांच्यात चांगले आहेत, पण नोंदणी क्रमांक आणि दहा वर्षांच्या हमीचा विमा नसलेल्या माणसाला रोख पैसे देणं म्हणजे छप्पर गळल्यावर कपाळाला हात. नोंदणीकृत कारागिराकडून जुन्या घराच्या कामाला व्हॅटही कमी, १० टक्के लागतो. एकूणच फक्त इंग्रजी मंडळींत राहिलात तर सगळं महाग पडतं, कारण स्वस्तातल्या गोष्टींची खबर बेकरीच्या रांगेत फ्रेंचमध्ये मिळते. मोडकंतोडकं चालतं, पण बोला.

आरोग्याचं तुमच्या बाजूने आहे. स्टेट पेन्शन घेणाऱ्याला ब्रिटनकडून एस१ फॉर्म मिळतो, म्हणजे फ्रान्समधल्या तुमच्या उपचारांचा सरकारी वाटा ब्रिटन भरतं. अवलंबून असलेल्या जोडीदारालाही तो लागू होऊ शकतो, तेव्हा अर्ज करतानाच वहिनींबद्दल विचारा. सरकार साध्या डॉक्टरच्या ३० युरोंपैकी ७० टक्के परत देतं, वर दोन युरो कापून. उरलेल्यासाठी म्युच्युएल म्हणजे पूरक विमा. तुमच्या वयाला दोघांचे दीड-दोनशे युरो महिन्याला धरून चाला. तो घेतला की चष्मा, कानाचं यंत्र आणि दाताची कॅप यांचे ठरावीक प्रकार खिशातून काही न जाता मिळतात. आल्याआल्या कायमचा डॉक्टर नोंदवा. नोंद नसेल तर परतावा ७० वरून ३० टक्क्यांवर येतो.

करांत दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. ब्रिटनमधली आयसा (करमुक्त बचतीची) खाती फ्रान्सच्या लेखी करमुक्त नाहीत. आणि परदेशातलं प्रत्येक खातं दरवर्षी जाहीर करावं लागतं, नाहीतर खात्यामागे १,५०० युरो दंड. राहत्या घरावरचा ताक्स दाबितासियों २०२३ पासून बंद झालाय, भाडेकरूला त्यामुळे घराचा कर उरलाच नाही. स्टेट पेन्शन फ्रान्समध्ये ब्रिटनसारखीच दरवर्षी वाढत राहते. भारतात जाऊन राहिलात तर ती आहे त्या रकमेवर गोठते. पुण्याला परतायचं की फ्रान्सला जायचं असा विचार चालू असेल तर हा फरक मांडून बघा.

आता सगळ्यात नाजूक भाग. आम्ही आलो तेव्हा नुसतं गाडीत बसून यायचं होतं. तुम्हाला दोघांनाही 'व्हिजिटर' प्रकारचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढावा लागेल. शुल्क माणशी ९९ युरो, काम न करण्याची हमी, आरोग्यविम्याचा कागद, आणि फ्रान्सच्या किमान वेतनाच्या मापाने, म्हणजे निव्वळ १,४०० युरोंच्या थोडं वर, उत्पन्नाचा पुरावा. दोघांसाठी अठराशे काठावरचे आहेत, म्हणून बँकेतली बचतही दाखवा. पोचल्यावर तीन महिन्यांत व्हिसा ऑनलाइन नोंदवायचा. पुढे परवान्याचं नूतनीकरण वर्षावर्षाला, दर वेळी माणशी दोनशेच्या वर युरो. हा खर्च महिन्याच्या हिशेबात आधीच घाला.

वहिनींचा ब्रिटनमधला कायम वास्तव्याचा परवाना सलग दोन वर्षं बाहेर राहिलं की संपतो. मग त्यांना लेस्टरला मुलांकडे जायलाही व्हिसा लागेल. माझं मत विचाराल तर आधी वहिनींचं ब्रिटिश नागरिकत्व करून घ्या, भले त्यात वर्ष जाऊ दे. अर्जाची फी जड आहे, पण ही बचत करायची जागा नव्हे. त्यांना भारतीय पासपोर्ट सोडायचा नसेल तर निदान सलग दोन वर्षं पुरी होणार नाहीत असं वेळापत्रक ठेवा आणि वकिलाला दाखवा.

दादा, तुमची कंपनीची पेन्शन खाजगी कंपनीची आहे की काउन्सिल, पोलीस, सिव्हिल सर्व्हिस अशातली, ते कळवा. स्टेट पेन्शन आणि खाजगी पेन्शनवर कर फ्रान्समध्ये, सरकारी नोकरीच्या पेन्शनवर ब्रिटनमध्ये, त्यामुळे हिशेब बदलतो. आणि वहिनी गाडी चालवतात का, तेही लिहा.