शहरातली आरोग्यसेवा एकसंध आणि रुग्णकेंद्री करायची तर सुरुवात कुठून करावी?

वस्तीजवळच्या दवाखान्यापासून: प्रत्येक कुटुंबाची एका ठरलेल्या पथकाकडे नोंदणी करावी आणि पुढे कुणाकडे पाठवायचं ते त्याच पथकाने ठरवावं. शहरात डॉक्टर पुष्कळ असतात, पण एकाचं दुसऱ्याला कळत नाही. मधुमेहाचाच रुग्ण घ्या. साखर एकीकडे, डोळे दुसरीकडे, मूत्रपिंड तिसरीकडे. कागदांची पिशवी तोच वागवतो, आणि दोघांनी एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहिलंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. ब्राझीलने १९९४ पासून हाच मार्ग धरला: डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी जाणारे आरोग्यसेवक यांचं एक पथक, साधारण ३ ते ४ हजार लोकांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या एकसंध, लोककेंद्री आरोग्यसेवेवरच्या २०१६ च्या आराखड्याचा रोखही तिकडेच आहे. (पुष्कळ ठिकाणी पथकाच्या आधी रुग्णांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर विकत घेतात, माझ्या मते तो क्रमच उलटा.) मात्र हे चालायचं तर रुग्णालयातून घरी सोडतानाची चिठ्ठी पुन्हा त्या पथकाकडे आली पाहिजे आणि दवाखाना संध्याकाळीही उघडा हवा, नाहीतर रोजंदारीवरचा माणूस साध्या तापालाही थेट अपघात विभागात जाऊन बसणार.