क्लोज-अप जादूसाठी गिमिक नाणी घेताना दर्जा कसा ओळखावा?

तुम्ही विचारलंय की क्लोज-अप जादूसाठी, म्हणजे अगदी समोर बसलेल्यांना दाखवायच्या जादूसाठी, शेल (दुसऱ्या नाण्यावर टोपीसारखं बसणारं पोकळ नाणं), फोल्डिंग (दुमडणारं), मॅग्नेटिक (चुंबकावर चालणारं) अशी गिमिक, म्हणजे युक्ती केलेली, नाणी घेताना दर्जा कसा पाहायचा आणि कुणाची घ्यायची. कुणाची ते शेवटी सांगतो. आधी माझी फजिती ऐका.

2003 ची गोष्ट. मी वाळूजला एका वर्कशॉपमध्ये टर्नर होतो. सासरवाडी सेलूजवळ. मेहुणीचा साखरपुडा झाला, जेवणं उरकली आणि ओसरीवर मंडळी म्हणाली, जावई, दाखवा काहीतरी. खिशात रुपयाचं शेल होतं, कुरिअरनं मागवलेलं, साडेचारशेचं. तेव्हा पगार अडीच हजार, म्हणजे बायकोपासून लपवलेली खरेदी. नाणी एका हातातून दुसऱ्या हातात पाठवायची, एकेक करून. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला मी नाणी शहाबादी फरशीवर खळ्ळकन टाकली. आजेसासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माझे हात त्यांना दिसतही नव्हते. मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, त्यातलं एक बद्द वाजायलंय की."

झालं. पोरांनी नाणी मागितली, मी खिशात घातली, सगळे हसले. आणि माझे थोरले साडू, जे गॅदरिंगला आणि माळेगावच्या यात्रेत हातचलाखी करतात, ते पानाला चुना लावत म्हणाले, "गिमिक म्हणजे कुबडी. हात चालत असला की लागत नाही." वीस वर्षं झाली, प्रत्येक लग्नात हेच वाक्य ऐकतोय.

आजीबाईंनी चांदीचे रुपये वाजवून घेतले होते, त्यांना कान होता. बाकीची नाणी स्टीलची, माझं शेल पितळी पत्रा दाबून वर निकेल चढवलेलं. ते काय खणखणणार? चांगलं शेल खऱ्या नाण्यातूनच कोरतात, म्हणून धातू, छाप, झीज सगळं जुळतं.

मी ईर्ष्येला पेटलो. 1982 पर्यंतचा तो जाड रुपया आठवतो का, तांबं-निकेलचा, 28 मिमी, 8 ग्रॅमचा? असे सात-आठ जमवले आणि सुट्टीच्या दिवशी लेथवर धरले. पहिल्या तिघांच्या कडेच्या रेघा चकच्या जॉनं, म्हणजे पकडीच्या जबड्यानं, चेपल्या. मग अ‍ॅल्युमिनियमचे मऊ जॉ बनवले. चौथं आतून कोरताना टूल आरपार गेलं, राजमुद्रेतल्या सिंहाचं तोंडच उडालं. पाचवं जमलं. पण 28 च्या नाण्याच्या पोटात 28 चं नाणं कसं बसणार? आतलं नाणं तासून लहान केलं, तर त्याच्या रेघा गेल्या. आता ते कुणाच्या हातात द्यायची सोय नाही, कडा गुळगुळीत लागते. एक्स्पांडेड शेलला लोक इतके पैसे का मोजतात ते तेव्हा कळलं. त्याची कड बाहेर फुगवलेली असते, आत नेहमीचं नाणं बसतं आणि तेच नाणं समोरच्याला तपासायला देता येतं.

तर बघायचं ते हे. शेल नाण्यावर बसवून तिरपं करा, नाणं आपल्या वजनानं सुटलं पाहिजे. अडकलं तर ऐन वेळी घात करणार, फार सैल असेल तर खुळखुळणार. कडेवरून नख फिरवा, रेघा सलग लागल्या पाहिजेत. फोल्डिंग आणि बाइटमध्ये (दातानं चावल्यासारखं दिसणारं नाणं) सगळा खेळ खाचेतल्या रबराचा आहे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर महिन्या-दोन महिन्यांत कडक होतं. जादा रबर सोबत मिळत नसेल तर घेऊच नका. मॅग्नेटिकचं वेगळंच. अमेरिकन हाफ डॉलर चुंबकाला चिकटत नाही, म्हणून त्यात पोलादी चकती घालतात. आपला 1992 नंतरचा स्टीलचा रुपया मुळातच चिकटतो. चुंबकवालं नाणं आपल्या रुपयांत ठेवलं की सगळे गोळा होऊन येतात!

हाफ डॉलर 30.6 मिमीचा, हातात छान भरतो, जुनी तांब्याची इंग्लिश पेनी त्याच मापाची, म्हणून तांबं-चांदीचे, म्हणजे तांबडं नाणं पांढऱ्याच्या जागी येण्याचे, खेळ त्यावर बसतात. पण परभणीत हाफ डॉलर काढलात की पहिला प्रश्न "हे कुठलं?" आणि जादू सुरू व्हायच्या आधीच नाण्यावर संशय. दहाच्या नाण्याचं तर बोलूच नका. रिझर्व्ह बँक कितीही सांगो, आमच्याकडे कित्येक दुकानदार ते अजून घेत नाहीत, तुमची जादू काय घेणार. पाचाचं जुनं जाड नाणं बरं, पण तळहातात लपवायला छोटं पडतं.

हो, एक राहिलं. मी केलं तसं करू नका. 2011 च्या नाणी कायद्यानं नाणं वितळवणं, नष्ट करणं गुन्हा आहे. माझी गोष्ट त्याआधीची. आणि साडूंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे हेही लिहून ठेवतो: हातात नाणं लपवता येत नसेल तर शेल घेऊन काही होत नाही. पण त्यांनी तीन साधी नाणी घेऊन तोच प्रयोग ओसरीवर, चहूबाजूंनी माणसं बसलेली असताना करून दाखवावा. अजून दाखवलेला नाही.

कुणाची घ्यायची म्हणाल तर, लोक "हे कुठलं?" विचारत असले तरी, सुरुवातीला अर्जेंटिनाच्या टँगो या कंपनीची हाफ डॉलरची घ्या, शेल आणि दोन-तीन जुळती नाणी एकाच ठिकाणाहून. पार्सल आलं की बायकोला पाठमोरी बसवा आणि सगळी नाणी फरशीवर टाका. तिनं वळून पाहिलं तर परत पाठवा.